शोधणाऱ्याला सापडावं म्हणून

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की आमच्याकडे प्राध्यापकांच्या ऑनलाइन प्रोफाइलचा विषय हमखास निघतो. इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’वर प्रत्येकाचं पान हवं, ऑर्किड क्रमांक हवा, गूगल स्कॉलरवर खातं हवं, आयआरआयएनएसवर सगळं एकत्र दिसायला हवं. मग धावपळ होते, फोटो चढतात, शोधनिबंधांच्या याद्या चढतात. समिती येऊन जाते आणि पानं आहेत तिथेच राहतात. एकदा प्राचार्यांनी सहज विचारलं, “मॅडम, ही पानं बघतं कोण?” त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला मी बसले आणि पुढची काही वर्षं त्याच कामात गेली.

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरच्या प्राध्यापकांच्या पानांच्या भेटींचे आकडे काढले तेव्हा कळलं की येणारे बरेचसे आम्हीच होतो. कुणी आपली यादी बरोबर चढली का हे पाहायला आलेलं, कुणी कार्यालयातून प्रिंट काढायला. उरलेल्यांत शोधयंत्रांच्या फेऱ्याच जास्त. पण मला खरं शहाणं केलं ते गूगलच्या सर्च कन्सोलनं. लोकांनी गूगलवर काय टाइप केलं तेव्हा आपलं पान समोर आलं, हे त्यात दिसतं. आमची पानं एकाच वेळी येत होती: कुणी प्राध्यापकांचं पूर्ण नाव टाइप केलं तर. म्हणजे जो त्यांना आधीपासून ओळखतो त्यालाच ती सापडणार. ‘उजनीच्या पाण्याची गुणवत्ता’, ‘यंत्रमाग कामगार आणि श्वसनाचे आजार’, ‘रब्बी ज्वारी दुष्काळ’ असं शोधणाऱ्याला आमच्यातलं कुणीच दिसत नव्हतं. या विषयांवर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं माझ्या शेजारच्या खोल्यांत बसत होती. ते मला सहन होईना.

पहिली अडचण नावांची निघाली. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं एकाच गल्लीत नांदतात आणि प्रत्येकाची नाव लिहायची रीत वेगळी. कुणी वडिलांचं नाव मध्ये पूर्ण लिहितं, कुणी फक्त आद्याक्षर. तेलुगू घरांत घराण्याचं नाव कधी आधी येतं, कधी शेवटी. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. ‘बिराजदार’मध्ये ‘जे’नंतर ‘ए’ आहे की नाही, यावर एकाच माणसाचे शोधनिबंध दोन माणसांत वाटले गेले होते. रसायनशास्त्राच्या एका मॅडमचं लग्नाआधीचं काम माहेरच्या नावावर आणि नंतरचं सासरच्या. यंत्राच्या लेखी त्या दोन बायका. पहिलीनं पीएच.डी. करून संशोधन सोडलेलं, दुसरीनं मध्येच कुठूनतरी सुरू केलेलं.

यावर ऑर्किड हा चांगला उपाय आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तो सुरू झाला, संशोधकाला फुकट मिळतो, १६ अंकांचा असतो. नाव कितीही वेळा बदला, क्रमांक बदलत नाही. शिवाय ‘या नावांनीही ओळखले जाते’ अशी जागा तिथे असते. ती जागा आमच्याकडे जवळपास कुणी भरलीच नव्हती. मॅडमबरोबर बसून माहेरचं नाव घातलं, जुने निबंध डीओआयवरून, म्हणजे प्रत्येक निबंधाच्या कायम क्रमांकावरून, एकेक शोधून जोडले, स्कॉलरवरची दोन खाती एक केली. पूर्ण यादी पडद्यावर आली तेव्हा त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं काम आहे होय माझं!”

माणसांच्या नावांसारखीच गत संस्थेच्या नावाची. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्यामुळे ज्याची नोकरी लांबली त्याच्या कामावर तीन विद्यापीठांची नावं दिसतात, आणि माणूस मात्र त्याच टेबलाशी बसलेला. त्यातही जुन्या निबंधांत शहराचं इंग्रजी स्पेलिंग ‘शोलापूर’. योगायोग असा की २०१९ च्या जानेवारीतच आरओआर ही संशोधन संस्थांची जागतिक नोंदवही सुरू झाली. माणसाला ऑर्किड तसा संस्थेला आरओआर. मी सगळ्यांना एकच सांगत राहिले: नव्या निबंधात विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव लिहा, ‘सोलापूर’ गाळू नका, आणि प्रोफाइलवर जुनी नावंही राहू द्या. जुन्या नावानं शोधणारेही असतात.

मग पानांच्या शीर्षकांकडे वळलो. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाचं शीर्षक एकच होतं, ‘फॅकल्टी प्रोफाइल’. गूगलवर सगळे एकसारखे दिसणार, कोण कशासाठी उघडेल? संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मुलाला सोबत घेतलं आणि शीर्षकात नाव, विषय आणि सोलापूर अशी रचना केली. खाली चार-पाच ओळींत, साध्या भाषेत, ही व्यक्ती कशाचा अभ्यास करते ते लिहून घेतलं. वनस्पतिशास्त्राचे एक सर ज्वारीवर काम करतात. त्यांच्या पानावर पदव्या होत्या, पुरस्कार होते, समित्यांची सदस्यत्वं होती. ज्वारी हा शब्द नव्हता. आम्ही ‘मालदांडी’ घातलं, ‘मंगळवेढा’ घातलं आणि ‘एम ३५-१’ घातलं. हे वाण १९३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रात, स्थानिक मालदांडीतून निवडलं गेलं आणि आजही महाराष्ट्र-कर्नाटकात रब्बीला पेरलं जातं. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे हे शब्द शोधणारे लोक आहेत, आणि ते सोलापूरबाहेरही आहेत. काही महिन्यांत सरांच्या पानावर विजापूर, धारवाड, हैदराबादकडून माणसं येऊ लागली. एका कन्नड विद्यार्थ्यानं बियाण्याच्या नमुन्यांबद्दल मेल केली. सरांनी ती मला मोबाईलवर दाखवली, मग स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मराठीतल्या कामाला लागला, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायलाच हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर जाऊ लागले, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण मराठी विभागातले कितीतरी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले. कागदावर ते सुरेख मराठी दिसतात. त्याच पीडीएफमधली ओळ उचलून दुसरीकडे टाकली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल होतो, कारण यंत्राला आत तेवढंच दिसतं. काही प्रबंध तर पानांचे नुसते फोटो. तुम्ही ‘पंढरपूर परिसरातील ओव्या’ असं शोधा; त्यावर शेकडो पानांचा प्रबंध उपलब्ध असला, अगदी फुकट असला, तरी तो समोर येणार नाही. शास्त्राच्या प्राध्यापकांचं काम निदान इंग्रजीतून अर्धंमुर्धं दिसतं. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांत मराठीतून लिहिणारे नेटवर जवळजवळ नाहीतच. आणि सोलापूरबद्दल सगळ्यांत जास्त लिहिलंय ते त्यांनीच: वारीबद्दल, गिरणीकामगारांबद्दल, गड्ड्याच्या जत्रेबद्दल, पद्मशाली विणकरांबद्दल.

सगळे प्रबंध नव्यानं टंकणं आम्हाला शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येक प्रबंधाचं आणि महत्त्वाच्या लेखाचं शीर्षक, अनुक्रमणिका आणि पानभर सारांश युनिकोडमध्ये टंकून प्रोफाइलवर ठेवायचं ठरवलं आणि खाली मूळ फाईलचा दुवा. फॉन्ट बदलून देणारी साधनं आहेत, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांत ती घसरतात. वाचून दुरुस्त करणारं माणूस लागतंच. हे काम एम.ए.च्या मुलींनी केलं. ओव्यांवर प्रबंध लिहिलेल्या एका निवृत्त मॅडमचा सारांश चढला आणि त्याच पावसाळ्यात बेळगावहून एका शिक्षिकेचा फोन आला. तिच्या आजीच्या ओव्या वहीत उतरवलेल्या होत्या. त्यातल्या काही मॅडमच्या अनुक्रमणिकेतल्या प्रकारांशी जुळत होत्या. दोघी आता एकमेकींना वह्या पाठवतात. मॅडमचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पंचवीसएक वर्षं होता. माझ्या आठवणीत तो कुणी घरी नेला नव्हता.

फाईलींबाबतही शिस्त लावावी लागली. गूगल स्कॉलरच्या सूचना उघड आहेत: मजकूर शोधता येईल असा हवा, पहिल्या पानावर शीर्षक मोठ्या अक्षरात आणि त्याखाली लेखकांची नावं हवीत, फाईल ५ एमबीच्या आत हवी. आमच्याकडे स्कॅनरमधून आलेल्या प्रचंड फाईली तशाच चढवलेल्या होत्या. त्या लहान केल्या, त्यांतला मजकूर ओळखून घेतला. प्रकाशकाची छापील पीडीएफ मात्र परवानगीशिवाय टाकायची नाही, यावर मी अडून बसले. पुष्कळ नियतकालिकं लेखकाची स्वीकृत प्रत ठेवू देतात, ती आपल्या संगणकात असतेच. ती द्या. यावरून काहींशी वादही झाले, पण दुसऱ्याच्या हक्काची वस्तू मांडून मिळवलेले वाचक मला नको होते. पैसे घेऊन भेटी वाढवून देतो म्हणणारेही भेटले. त्यांना दारातूनच परत पाठवलं. तो आकडा अहवालात शोभला असता, पण बेळगावच्या बाईंना त्यानं काय दिलं असतं?

वाचक वाढले की जबाबदारीही येते, हे डाळिंबानं शिकवलं. आमच्या एका तरुण प्राध्यापिकेनं डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूवर प्रयोगशाळेत काम केलंय. तिच्या पानावर मराठी सारांश आला आणि सांगोल्याकडून फोन सुरू झाले. “मॅडमनी लिव्हलंय नव्हं? मग फवारायचं काय ते सांगा की.” बाग जळत असलेल्या माणसाचा आवाज होता तो. तिचं काम काचेच्या बशीतलं. शेतात त्यातलं काहीच तपासलेलं नव्हतं. ती घाबरली, पान काढून टाका म्हणाली. मी म्हटलं, काढायचं नाही, पूर्ण लिहायचं. सारांशात आम्ही ठळक लिहिलं की हे निष्कर्ष प्रयोगशाळेतले आहेत, शेतातल्या फवारणीसाठी नाहीत. त्याखाली केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा दुवा दिला. ‘सोलापूर लाल’ हे वाण तिथलंच, आणि शेतकऱ्याला सल्ला देण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे. फोन अजूनही येतात. ती आता शांतपणे ऐकते, कुठे जायचं ते सांगते, आणि शेतकऱ्यांनी सांगितलेली लक्षणं वहीत टिपते. त्या वहीतूनच तिचा पुढचा विषय निघाला आहे.

सगळेच तयार झाले असं नाही. काहींना वाटतं, आपलं काम लहान, ते कशाला चव्हाट्यावर. अशांपुढे मी लोक काय शोधतात याचे आकडे ठेवते. अमुक महिन्यात ‘अक्कलकोट शिलालेख’ शोधणारे इतके, ‘सोलापुरी चादर इतिहास’ शोधणारे इतके, आणि त्यांना मिळालं काय, तर दुकानांच्या जाहिराती. यावर तुम्ही लिहिलंय सर, मग ते यांना का मिळू नये? बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी जुन्या निबंधांची पिशवी माझ्या टेबलावर येते.

सध्या निवृत्त प्राध्यापकांची पानं चालू आहेत. नोकरी संपली की संकेतस्थळावरून नाव निघतं आणि त्याबरोबर सगळे दुवे तुटतात. प्राचार्यांशी बोलून ‘माजी प्राध्यापक’ असा विभाग कायमचा ठेवून घेतला. कन्नड विभागातल्या दोन सरांचं लेखन अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांवर आहे, ते कन्नडमध्येच शोधलं जाणार. युनिकोडमध्ये कन्नड टंकता येणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात सापडली आहे. परीक्षा संपली की ती सोमवारपासून येणार आहे.