तांबडा सदरा

मला एक खोड आहे. जानेवारी महिना उजाडला की अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजचं पान मी उघडतो आणि त्यांच्या बेसबॉल संघाच्या खेळाडूंची माहिती वाचत बसतो. तिथला कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. त्याआधी प्रत्येक मुलाचा फोटो, त्याखाली दोन-चार ओळी, असा सगळा संघ मांडून ठेवलेला असतो. या मुलांपैकी मी एकालाही ओळखत नाही. गोव्यातल्या एका सरकारी कचेरीत आस्थापना विभागात बसणाऱ्या माणसाला हा छंद कुठून लागला, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचंय.

माझी ताई लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. तिचा मुलगा तिथंच जन्मला, वाढला आणि पिचर झाला. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज म्हणा हवं तर. फरक एवढाच की तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो, आणि सगळा भार खांद्यावर न् कोपरावर घेतो. २०१५ साली भाचा कॉलेजात गेला आणि २०१६च्या जानेवारीत त्याचं नाव पहिल्यांदा त्या पानावर आलं.

ताईनं दुवा पाठवला. संध्याकाळी बाल्कांवात आई बसली होती, तिला मी वाचून दाखवलं. उंची सहा फूट एक इंच. वजन एकशे पंच्याऐंशी पौंड. जागा, डावखुरा पिचर. पुढं ‘एल/एल’. म्हणजे बॅट डाव्या हातानं धरतो आणि चेंडूही डाव्या हातानंच फेकतो. आई म्हणाली, "तेंय बरयलां?" लहानपणी चतुर्थीला यायचा तेव्हा पंगतीत डाव्या हातानं खतखत्याची वाटी ओढली म्हणून तिनं त्याच्या हातावर चापट मारलेली मला आठवत होती, आणि तिलाही आठवत असणार. मी सांगितलं, तिथं डावखुऱ्या पिचरला मुद्दाम शोधत फिरतात, कारण असे पिचर कमी मिळतात आणि डावखुऱ्या फलंदाजाला त्यांचा चेंडू खेळणं जड जातं. आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "आमचें नांव आसा काय तातूंत?" आईबापांचं नाव होतं, मूळ गाव म्हणून न्यू जर्सीतलं एक शहर होतं. आज्जीचा रकाना नव्हता.

मला मात्र तो कागद पाहताच घरचा वाटला. तुमच्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना सेवा पुस्तिका ठाऊक आहे. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, उंची, अंगावरची खूण. मग वर्षावर्षाच्या नोंदी. वीस-बावीस वर्षं मी दुसऱ्यांची आयुष्यं अशा रकान्यांत लिहीत आलोय. खेळाडूच्या पानाचंही तेच. वरच्या बाजूला देह, खाली वर्षं. किती सामने, किती इनिंग, आणि पिचरच्या बाबतीत इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागं त्याच्या खात्यावर किती धावा पडल्या. शिष्यवृत्तीचा हिशेब तर खास आमच्या कचेरीत शोभणारा होता. त्या काळी पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजच्या सबंध बेसबॉल संघाला मिळून जास्तीत जास्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. अकरा पूर्णांक सात दशांश! त्या सत्तावीसपर्यंत मुलांत वाटायच्या, आणि ज्याला द्यायची त्याला निदान पाव तरी द्यायची. आमच्या भाच्याच्या वाट्याला ती पावच आली होती. फाइलवर असा प्रस्ताव आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता.

असो. पहिलं वर्ष त्यानं बऱ्यापैकी काढलं. २०१६च्या ऑक्टोबरात सरावात त्याचं कोपर गेलं. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला होता.

या दुखण्यावर जी शस्त्रक्रिया करतात तिला एका खेळाडूचंच नाव आहे. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४च्या सप्टेंबरात डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली एक शीर काढून डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवली. त्यापूर्वी असं कोपर म्हणजे पिचरची कारकीर्द संपली असंच समजायचे. टॉमी जॉन १९७५चं सबंध वर्ष खेळला नाही. १९७६ साली परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

हे सगळं मला भाच्यानंच व्हिडिओ कॉलवर सांगितलं. डावा हात पट्ट्यात होता. म्हणाला, "मामा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना लाव आणि मनगट जरा आत वळव." मी तसं केलं. मनगटाच्या मधोमध एक दोरी उभी राहिली. हीच ती शीर. तिच्यावाचून हाताचं काही अडत नाही, आणि काही माणसांना ती जन्मतःच नसते. आईनंही करून पाहिलं. तिच्या सुकलेल्या मनगटावर ती तारेसारखी वर आली. त्याच्या मनगटावर मात्र टाके होते. आई बराच वेळ आपला हात तसाच धरून बसली होती.

त्या कॉलवर मी एक चूक केली. त्याला धीर द्यायचा म्हणून मी २००८ सालची गोष्ट काढली. ती त्यानंच मला पूर्वी सांगितलेली. फ्रेस्नो स्टेटचा संघ त्या वर्षी आपल्या चार संघांच्या गटात चौथ्या मानांकनाचा होता, तरी ओमाहाला जाऊन कॉलेजांची जागतिक मालिका जिंकला. शेवटच्या सामन्यात जॉर्जियाला ६-१ असं हरवलं. स्टीव्ह डेटवायलर नावाच्या मुलाच्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटलेला होता. त्यानं तशा हातानं दोन होमरन मारले, आणि त्या सहाही धावा त्याच्याच फटक्यांवर आल्या. मी म्हणालो, "बघ, तो खेळलाच की! नाहीतर तुझं अख्खं वर्ष फुकट गेलं."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मामा, पिचरचं कोपर वेगळं असतं. आणि ते वर्ष काउंट होत नाही."

मला वाटलं, पोरगं स्वतःची समजूत घालतंय. मी विषय बदलला.

‘फुकट’ हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. २००९ साली माझे वडील आजारी पडले. ताई तिकडं, घरात आई एकटी. माझी शिल्लक रजा दोन महिन्यांत संपली, पुढं सात महिने मी विनावेतन असाधारण रजेवर होतो. पहाटेची बस धरून इस्पितळ, दुपारी औषधं, रात्री त्यांच्या उशाशी. वडील गेले. दिवसकार्य आटोपून मी कामावर रुजू झालो तेव्हा एक वरिष्ठ सहज म्हणाले, "फुकट घालवलंस रे वर्ष." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि नियमाप्रमाणं तर ते बरोबरच होते. स्वतःच्या वैद्यकीय दाखल्यावर घेतलेली असाधारण रजा वेतनवाढीसाठी धरता येते. दाखला वडिलांचा असेल तर नाही. माझी वेतनवाढ पुढं गेली आणि पुस्तिकेत एक ओळ पडली, ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’. तांबड्या शाईत. पुढं कधीही पुस्तिका उघडली की माझी नजर आधी त्या ओळीवर जायची आणि मी पान उलटायचो. जे बोल मला इतकी वर्षं खुपत होते, तेच मी एकोणीस वर्षांच्या मुलाला ऐकवले होते.

२०१७चा हंगाम तो बाकावर बसून होता. नुसता बसून नव्हता म्हणा. आपल्या पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू कुठल्या जातीचा, कुठं पडला, फलंदाजानं काय केलं, हे तक्त्यावर टिपायचं काम त्याच्याकडं होतं. मी म्हणालो, "म्हणजे कारकूनच झालास की माझ्यासारखा!" तो खूप हसला. सकाळी हाताचे व्यायाम, दुपारी टिपणं. काही महिन्यांनी फेकायची परवानगी मिळाली ती पंचेचाळीस फुटांवरून, तीही अगदी हलक्या हातानं. मग साठ, मग नव्वद. एखाद्या दिवशी कोपर दुखलं की पुन्हा मागच्या अंतरावर. ताई फोनवर आकडा सांगायची आणि आई तो दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवायची. पाव शिष्यवृत्ती जाईल ही ताईची धास्ती होती, पण ती त्या वर्षी तशीच राहिली.

२०१८च्या जानेवारीत नवं पान आलं. त्याच्या नावापुढं वर्गाच्या रकान्यात नुसतं ‘सोफोमोर’ नव्हतं, त्याआधी एक अक्षर होतं, ‘आर’. खाली २०१७पुढं एवढंच लिहिलं होतं की खेळला नाही, रेडशर्ट.

हे काय म्हणून मी शोधत बसलो. रेडशर्ट म्हणजे तांबडा सदरा. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठात वॉरन आल्फसन नावाच्या फुटबॉलपटूनं, मी संघाबरोबर सराव करीन पण या वर्षी सामने खेळणार नाही, असं सांगितलं आणि तो बिनआकड्याचा तांबडा सदरा घालून सरावाला उतरायचा, त्यावरून हा शब्द पडला असं सांगतात. भाच्याच्या काळी नियम असा होता की पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. ज्या वर्षी मैदानात पाऊलच टाकलं नाही, ते वर्ष त्या चारांत धरायचं नाही. ‘काउंट होत नाही’ हे भाच्याचं म्हणणं समजूत नव्हती, नियम होता!

मी कितीतरी वेळ त्या अक्षराकडं बघत राहिलो. न मोजलेलं वर्ष माझ्याही पुस्तिकेत आहे आणि त्याच्याही पानावर आहे. दोन्हीकडं खूण तांबडीच. पण माझ्याकडं न मोजणं म्हणजे ते वर्ष माझ्यातून वजा. त्याच्याकडं न मोजणं म्हणजे ते त्याच्यासाठी राखून ठेवलेलं. पुढं त्याला ते परत मिळणार होतं. आमचे नियम वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. पगार काही सदऱ्यावर चालत नाही. पण शब्दांत फरक पडतो. त्या पानावर कुणी ‘फुकट’ लिहिलेलं नव्हतं.

मी त्याला फोन केला आणि मागच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याला ते आठवतही नव्हतं, किंवा तसं त्यानं दाखवलं.

२०१८ आणि २०१९ तो खेळला, फार चमकला असं नाही. २०२०चा त्याचा शेवटचा हंगाम. १२ मार्चला कोविडमुळं सगळ्या अमेरिकेतला कॉलेज हंगाम रद्द झाला. मार्च संपायच्या आत पहिल्या श्रेणीच्या परिषदेनं ठरवलं की हाही हंगाम कुणाच्या खात्यात मांडायचा नाही, ज्याला हवं त्याला आणखी एक वर्ष द्यावं. आम्हांला वाटलं, हा परत जाणार. पण तोवर त्याला नोकरीचं पत्र आलेलं होतं. म्हणाला, "मामा, मला एकदा मिळालंय परत. पुरे." पुढच्या जानेवारीत पानावर त्याचं नाव नव्हतं. मी मात्र पान उघडलं, आणि तेव्हापासून दर वर्षी उघडतोच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागातली एक मुलगी अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आली. वयानं लहान, नोकरीला पाच-सहा वर्षं झालेली. आईला अर्धांग झालेला, घरी दुसरं कुणी नाही. रजा विनावेतन. "वेतनवाढ जाईल ना, सर?" तिनं विचारलं. मी नियम काढून दाखवला, काही लपवलं नाही. वाढ पुढं जाणार हे सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे वर्ष फुकटच."

मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तांबड्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. माझी पुस्तिका कपाटातून काढून २००९ची ती ओळ दाखवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ती दुसऱ्या कुणाला दाखवत होतो. तिनं ती वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि अर्जावर सही करून दिली.

तिची नोंद मीच घातली. शाई तांबडीच, ती बदलणं माझ्या हातात नाही. अक्षर मात्र जमेल तितकं सुबक काढलं.

आता पुन्हा जानेवारी आलाय. पान उघडलंय. पस्तीसेक मुलं आहेत. ज्यांच्या वर्गाआधी ‘आर’ आहे अशा नावांपाशी मी थांबतो. यांतला एखादा त्या वर्षी पंचेचाळीस फुटांवरून हळू हळू चेंडू फेकत असेल, आणि दूर कुठंतरी त्याची आज्जी दिनदर्शिकेत आकडा लिहीत असेल, असं मनात येतं.