झाडीलाही नाव असतं!

मागचं कव्हर बघून मोबाइलचं मॉडेल सांगणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. लाटे की कॅपुचिनो यावर तर आपण अर्धा लंच ब्रेक घालवू शकतो. पण खिडकीबाहेरचं झाड कोणतं, असं विचारून बघा... ‘अरे यार, झाड आहे!’ मोठं असेल तर झाड, छोटं असेल तर झुडूप, आणि खूप झुडपं एकत्र दिसली की झाडी. संपला विषय!

माझाही विषय असाच संपलेला होता. मग एक दिवस रत्नागिरीहून काकाचा फोन आला. ‘अगो, तुझं ते मास कॉम झालंय ना? मग जरा भाट्याला ये नि सांग, आपल्या खाजणातली झाडी तिवरांची आहे की नुसतीच झुडपं?’ मास कॉमची डिग्री असली की माणसाला जगातलं सगळं कळतं, असा आमच्या घराण्याचा ठाम समज आहे.

प्रश्न वाटला तेवढा साधा नव्हता. भाट्याच्या खाडीकाठी आमचा एक तुकडा आहे. जमीन कमी आणि सातबाऱ्यावर नावं जास्त, असा. एका एजंटने त्याला गिऱ्हाईक आणलं होतं. त्यांना खाडीच्या व्ह्यूची कॉटेजेस बांधायची होती. ‘झुडपांचं काय, दोन दिवसांत साफ करून देतो,’ असंही तो म्हणाला होता. काकाला पैशांची खरोखर गरज होती. चुलत बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती. फक्त एकच अडचण. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला बंदी केली आणि खारफुटीपासून ५० मीटरच्या आतली बांधकामं थांबवायला सांगितलं. २०१८ च्या निकालात कोर्टाने हे संरक्षण कायम केलं. जमीन खासगी आहे, ही सबब तिथे चालत नाही. थोडक्यात काय, बहिणीची फी एका झाडाच्या नावावर अडकली होती.

निघण्याआधी झुडपं ओळखण्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले आणि थेट अमेरिकेच्या पश्चिमेला पोचले. तिथल्या कोरड्या, ओसाड माळांवर मैलोन् मैल सेजब्रश नावाची करडी झुडपं पसरलेली असतात. लांबून सगळी सारखीच. ओळखणारे मात्र आधी पान बघतात. मुख्य जातीच्या पानाच्या टोकाला तीन दात असतात. मग पान चुरगळून वास घेतात. एवढ्यानेही नेमकी उपजात कळली नाही, तर चुरगळलेलं पान पाण्यात टाकून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. काही उपजातींचं पाणी चक्क निळं चमकतं! इतका खटाटोप कशाला? तर सेज ग्राउस नावाचा पक्षी अख्खा हिवाळा जवळजवळ याच पानांवर काढतो. आणि गंमत म्हणजे हा परदेशी सेजब्रश आपल्या दवण्याचा भाऊबंद निघाला. हो, आपण ज्योतिबाला वाहतो तोच दवणा! दोघांचं कूळ एकच, आर्टेमिसिया.

आता तुम्ही म्हणाल, कुठे ते माळरान आणि कुठे आपली खाडी! पण तिवर गुडघाभर पाण्यात उभं असलं तरी ते पाणी खारट. त्यातलं मीठ बाजूला काढून पाणी प्यायचं, म्हणजे झाडाला भलतीच मेहनत पडते. त्यामुळे तेही माळावरच्या झुडपासारखं थेंब थेंब जपतं. म्हणून तर पानं जाड आणि खालून रुपेरी. पाण्यात उभं राहून दुष्काळ काढणारं झाड आहे हे!

शनिवारी ओहोटीची वेळ गाठून भाट्ये पूल ओलांडला. काकाच्या ओळखीचे एक होडीवाले चाचा बरोबर आले. माझ्या हातात फोटोंच्या प्रिंटआउट्स होत्या. चाचांनी त्या बघितल्या, घडी करून मला परत दिल्या आणि म्हणाले, ‘आधी पाय बघायचे, मग तोंड.’

पाय म्हणजे मुळं. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी बारीक, सरळ मुळं वर आलेली दिसली की समजा तिवर. त्याचं पान उलटं केलं की पांढुरकं दिसतं. वरच्या बाजूने जीभ लावली तर खारट लागतं (लावली मी!), कारण नको असलेलं मीठ ते पानांतून बाहेर टाकतं. मुळं जाडजूड, बुडाशी रुंद आणि वर निमुळती असतील तर ती चिप्पी. तिची पानं गोलसर. पांढरी फुलं रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत त्यांचे केसर गळूनही जातात. फळ चांदणीच्या आकाराच्या बैठकीवर बसल्यासारखं दिसतं. खोडापासून कमानी टाकत चिखलात उतरणारी मुळं म्हणजे कांदळ. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं लटकत राहतं. पूर्वी सुती जाळी रंगवायला कांदळाची साल वापरायचे, हे चाचांनी जाता जाता सांगितलं. काटेरी पानांचं, जांभळट निळ्या फुलांचं बुटकं झुडूप ते मारांडी. आणि गेवा दिसला तर लांबूनच नमस्कार! त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांचं काही खरं नाही.

तासाभरात समोरच्या ‘झाडी’तून एकेक चेहरा वेगळा दिसायला लागला. नवीन ऑफिसात जॉइन झाल्यावर आठवड्याभराने दिसतो ना, तसा. आमच्या तुकड्यात पाण्याच्या बाजूला मारांडीची दाट रांग होती. तिच्यामागे तिवरं, सहज पन्नासेक. आणि कोपऱ्यात पांढऱ्या चिप्पीची दोन उंच झाडं. याच चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिलाय. नुसती झुडपं म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं.

खरं सांगू? परतताना पुलावर मी दोन मिनिटं थांबले. ‘काही कळत नाही बुवा’ म्हटलं असतं तर काकाने एजंटचं ऐकलं असतं. कोणी मला दोषही दिला नसता. बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर होता. पण एकदा नावं कळली होती. आता ‘झाडी’ म्हणायला तोंड उघडेना.

काकाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ ओटीवर गप्प बसून राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे गेलं गिऱ्हाईक.’ मी म्हटलं, ‘गेलं.’ काकूने न विचारता चहा आणून ठेवला. पुढच्या महिन्यात फीसाठी कर्ज काढलं. हप्त्यातला थोडा भाग मी भरते. फ्रीलान्सिंगचे चेक जसे येतात तसा! बहीण दुसऱ्या वर्षाला आहे.

तुम्ही भाट्याला गेलात तर बीचवर फोटो काढाच. फक्त मागे दिसणाऱ्या त्या झाडांना पाइन म्हणू नका. ते सुरू आहेत. एक हिरवी सुई हातात घेऊन ओढा, सांध्यावर अलगद तुटेल. ती सुई म्हणजे पान नाहीच, बारीक फांदी आहे. मग ओहोटी बघून खाडीकडे वळा. चपला जुन्या घाला, पानं तोडू नका, आणि आधी पाय बघा!

काकाची कुरकुर अजून चालू असते. ‘राज्यवृक्ष आंबा, तो निदान पेटी तरी देतो. ही तुमची चिप्पी मला काय देते?’ मागच्या खेपेला हे चाचांच्या कानावर गेलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी पिशवीभर कोळंबी आणून काकूच्या हातात दिली आणि खाडीकडे बोट दाखवलं. त्या मुळांतच ती लहानाची मोठी होते म्हणे.

काकाने दोनदा भात घेतला.