शंभराचे एकशे चाळीस

रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट ज्यांनी हाताळलंय त्यांच्या बोटांना त्याचा कडकपणा अजून आठवत असेल. अंगठ्याहून थोडं मोठं, जाड, कडा सरळ कापलेल्या. खिडकीमागे बाबूच्या हाताशी लाकडी खणांचं कपाट असायचं, प्रत्येक स्टेशनाला वेगळा खण. खणातून तिकीट ओढायचं, लोखंडी यंत्राच्या फटीत घालायचं, खट् आवाज व्हायचा आणि तारीख उठायची. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरानं एकोणिसाव्या शतकात बसवलेली ही रीत माझ्या शाळेच्या दिवसांत आमच्या चिंचपोकळी स्टेशनावर तशीच चालू होती. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. तिकीट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून ते खिशाचं बटण लावायचे. उतरल्यावर ते टीसीच्या हाती द्यायचं असे, त्यामुळे घरी त्यातलं काही उरलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी रेल्वे बजेट असायचं. त्या दिवशी चाळीत रेडिओ मोठा लावलेला असे आणि दोनच गोष्टींकडे सगळ्यांचे कान लागलेले असत: भाडं किती वाढलं, आणि कोकण रेल्वेला काय मिळालं. भाडं बहुतेक वेळा वाढलेलंच असायचं. कोकण रेल्वेच्या वाट्याला सर्वेक्षण नाहीतर आश्वासन. चाळीतल्या प्रत्येक खोलीचा गाव मालवण, कणकवली, राजापूर, देवगड या पट्ट्यातला. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून मधू दंडवते यांनी हा प्रश्न लोकसभेत सोडला नाही, एवढं चाळीतल्या पोरांनाही पाठ होतं. दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या घालायला सुरुवात केली. तिसरा वर्ग 1974 मध्येच बंद झाला होता, म्हणजे नाव गेलं होतं; फळी तीच होती. खरा तिसरा वर्ग दंडवत्यांनी संपवला, असं बाबा म्हणायचे आणि ते म्हणताना त्यांचा आवाज भरून यायचा.

कोकणात रेल्वे इतक्या उशिरा का आली, याचं उत्तर खासगी रेल्वेच्या इतिहासात आहे, आणि आजच्या वादात ते फार कमी वेळा काढलं जातं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी सुटली ती जीआयपी या खासगी कंपनीची होती. अशा कंपन्यांना सरकारनं पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. धंदा बुडाला तरी भागधारकाला व्याज मिळणार आणि ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाणार. रूळ कुठे टाकायचे हे मालानं ठरवलं. वऱ्हाडात कापूस होता, म्हणून तिथे मुख्य लाइन गेलीच, शिवाय यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज 'शकुंतला'सुद्धा एका खासगी कंपनीनं टाकली. स्वातंत्र्यानंतर रेल्वे सरकारची झाली तरी त्या लाइनीची मालकी कंपनीकडेच राहिली. बार्शी लाइट रेल्वेही लंडनच्या कंपनीची. ती 1954 मध्ये सरकारनं विकत घेतली. आमच्याकडे डोंगर, नद्या आणि पाऊस. मालगाडी भरेल असा माल नाही. होती ती फक्त माणसं, पोटासाठी मुंबईला येणारी आणि गणपतीला, शिमग्याला परत जाणारी. दोनशे माणसांच्या भाड्यासाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी बोगदे कोण खोदणार? कंपन्यांनी खोदले नाहीत आणि सरकारनंही पुढची चाळीस वर्षं खोदले नाहीत.

अखेर 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे आली. नेहमीच्या बजेटमधून हे होणार नव्हतं. म्हणून केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ अशा चार राज्यांनी भांडवल घातलं आणि उरलेला मोठा पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल, हे सगळं त्या पैशातून झालं. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला. त्या वर्षी गणपतीला आम्ही रेल्वेनं गेलो. आईला एसटीच्या रातराणीत रात्रभर उलट्या व्हायच्या. गाडीत ती खिडकीशी बसून गावांची नावं वाचत आली.

बाबा मात्र वेगळंच वाचत होते. रुळाकडेच्या किलोमीटरच्या पाट्या ते मोजत होते. गिरणीत आयुष्यभर धागे मोजलेला माणूस, आकडा नजरेतून सुटायचा नाही. कुडाळ आलं तेव्हा त्यांनी खिशातून आरक्षणाचं तिकीट काढलं, संगणकावर छापलेलं, पातळ, आणि त्यावरच्या कि.मी.च्या आकड्यावर बोट ठेवलं. "गो, ह्यां अंतर बरोबर नाय."

अंतर मुद्दाम वाढवलेलं होतं. कोकण रेल्वेच्या हद्दीत प्रवासी भाड्यासाठी अंतर चाळीस टक्के जास्त धरायचं असं ठरलं होतं. शंभर किलोमीटर गेलात की भाडं एकशे चाळीस किलोमीटरचं. मालासाठी पन्नास टक्के जास्त. रोख्यांचं कर्ज फेडायचं होतं, मार्ग बांधायला अतोनात खर्च आला होता, ही कारणं खोटी नव्हती. बाबांना ती कुणीतरी समजावून सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांचा प्रश्न निराळा होता: भुसावळपासून नागपूरपर्यंतची लाइन बांधायला पैसे लागले नव्हते काय? तिथला माणूस शंभराचे शंभर देतो. मग कोकणातल्या माणसाच्या अंगावर हे कर्ज का, आणि ते त्याला कुणी विचारून घातलं?

हा प्रश्न मी तेव्हापासून सोबत बाळगला आहे. आज 'रेल्वेचं खासगीकरण' म्हटलं की लोक दोन बाजूंना उभे राहतात, सरकारी चांगली की खासगी चांगली. आमच्या गावची गाडी दोन्हींच्या मधली होती: मालकी सरकारांची, हिशेब कंपनीचा. तिच्याविना आम्ही आणखी किती वर्षं घाटात ओकत राहिलो असतो कोण जाणे, म्हणून तिचे उपकार मी विसरणार नाही. तिनं मला हेही शिकवलं की भाडं कोण ठरवतं आणि त्याला जाब कोण विचारू शकतो, ही गोष्ट मालकीच्या पाटीहून मोठी आहे.

मुंबईकराला जाब विचारता येतो, हे मी 2014 च्या जूनमध्ये पाहिलं. तोवर मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जात होते. पुठ्ठ्याचं तिकीट गेलं होतं, यंत्रात छापायची कूपनंही जायच्या वाटेवर होती, माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात मासिक पास होता. दुसऱ्या वर्गाचा पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात महिनाभर चालतो, म्हणूनच विरार-कसाऱ्याहून माणसं मुंबईत कामाला येऊ शकतात. त्या महिन्यात भाडं 14.2 टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर झालं आणि पास तीस फेऱ्यांच्या हिशेबानं द्यायचं ठरलं. म्हणजे दुपटीहून जास्त. आमच्या लेडीज डब्यात त्या सकाळी कुणी भजन म्हटलं नाही, भाजी निवडली नाही. फक्त आकडेमोड चालली होती, कुणाच्या मुलीचा कॉलेजचा पास, कुणाच्या नवऱ्याचा, सासूबाईंची डायलिसिसची फेरी. समोरची एक जण कागदावर बेरीज करून म्हणाली, "म्हणजे आता मी नोकरी सोडलेली बरी." ती खरंच तसं म्हणत होती, तिचा पगार तेवढाच होता. शहर पेटून उठलं, सत्ताधारी पक्षांचेच खासदार दिल्लीला मंत्र्यांकडे धावले आणि चार-पाच दिवसांत पासाची वाढ मागे घेतली गेली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे खरं. लोकशाहीत भाडं असंच खाली येतं आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

नंतर तो रस्ताच अरुंद होत गेला. 2016 चं रेल्वे बजेट शेवटचं. पुढच्या वर्षापासून ते सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळलं. आता भाडंवाढ परिपत्रकानं येते. 2016 पासून तिकिटावर एक ओळही छापून येऊ लागली, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त 57 टक्केच रेल्वे वसूल करते, अशी. ती ओळ मला खुपते. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. प्रवासी वाहतुकीतला तोटा कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या मालभाड्यातून भरून निघतो, आणि मालभाडं जास्त राहिलं की माल ट्रकवर जातो, हे अर्थशास्त्र मला समजतं. भाडं कधीच वाढू नये असाही माझा आग्रह नाही. 1 जुलै 2025 ला मेल-एक्स्प्रेसच्या बिगर वातानुकूलित डब्यांत किलोमीटरमागे एक पैसा वाढला तेव्हा मी तक्रार केली नाही. पण एसटीच्या तिकिटावर, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर, शाळेच्या दाखल्यावर आपण असं काही लिहीत नाही. स्वतःच्या पैशांनी तिकीट काढलेल्या माणसाला त्याच तिकिटावर उपकाराची आठवण कशाला?

मार्च 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, पुरुषांची चाळीस टक्के आणि बायकांची पन्नास. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत आली नाही. जवळच्या पॅसेंजर गाड्यांचं किमान भाडं त्या काळात दहावरून तीस रुपये झालं होतं, ते 2024 मध्ये पुन्हा दहावर आलं, कारण रोज जाणारी माणसं बोलत राहिली. म्हातारी माणसं रोज जात नाहीत, मोर्चे काढत नाहीत. आई पूर्वी शिमग्याला आणि गणपतीला दोन्ही वेळा गावी जायची. आता फक्त गणपतीला जाते. पैसे आम्ही देतो, तिला ते घेववत नाहीत.

गेल्या गणपतीला मी तिच्याबरोबर दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीनं गेले. पहाटेचा फलाट माणसांनी आणि पिशव्यांनी भरून गेला होता. डब्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला गौरीचा मुखवटा होता. ती घरकाम करते, चार घरांतून सुट्टी मागून निघाली होती. वंदे भारत 2023 पासून मडगावपर्यंत धावते, चांगली गाडी आहे, पण तिच्या गावाजवळच्या स्टेशनावर ती थांबत नाही. थांबली तरी त्या तिकिटात या बाईचे कित्येक दिवसांचे पैसे गेले असते. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, आता दिव्याहून सुटते; डोक्यावर मखर घेऊन ज्यांना लोकलनं दिव्यापर्यंत यावं लागतं, त्यांच्यासाठी हा बदल छोटा नाही.

खासगी गाड्यांची योजना याच प्रवाशाजवळ येऊन अडते. 2020 च्या जुलैत 109 मार्गांवर 151 खासगी गाड्यांसाठी निविदा निघाल्या. भाडं किती घ्यायचं ते चालवणाऱ्यानंच ठरवायचं होतं. कंपन्यांचा प्रतिसाद अगदी थोडा आला आणि योजना पुढे सरकली नाही. त्याआधी 2019 मध्ये लखनौ-दिल्ली तेजस आयआरसीटीसीकडे दिली होती. एक तासाहून जास्त उशीर झाला तर शंभर रुपये भरपाई, दोन तासांहून जास्त झाला तर अडीचशे. ही कल्पना मला मनापासून आवडली होती आणि ती प्रत्येक गाडीला लागू व्हावी असं अजूनही वाटतं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. तिथे 1990 च्या दशकात गाड्या खासगी कंपन्यांकडे गेल्या, रूळही रेलट्रॅक या कंपनीकडे गेले. 2000 मध्ये हॅटफील्डला तुटलेल्या रुळामुळे अपघात झाला, ती कंपनी सावरली नाही आणि रूळ नेटवर्क रेलकडे आले. आता 2024 च्या कायद्यानंतर गाड्याही एकेक करून सरकारकडे परत येत आहेत. मे 2025 मध्ये साऊथ वेस्टर्न आली. जपाननं 1987 मध्ये रेल्वेचे तुकडे केले, त्यातली टोकियो-ओसाकाची कंपनी भरभराटली आणि विरळ वस्तीच्या होक्काइदोतली लाइनी बंद करत बसली. होक्काइदोचं वाचलं की मला वैभववाडी आठवते.

मे 2025 मध्ये महाराष्ट्रानं कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली. नाव कोकण रेल्वेच राहावं अशी अट घातली. नावाचं प्रेम मलाही आहे. पण अटींत अंतराचाही उल्लेख हवा, म्हणून आमच्या खासदारांना मी पत्र लिहिलं: विलीनीकरणाच्या करारात शंभर किलोमीटरचं भाडं शंभर किलोमीटरचंच राहील असं लेखी कलम असावं, निदान जनरल आणि स्लीपरच्या डब्यांत ज्येष्ठांची सवलत परत यावी, आणि छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या कमी होणार नाहीत याची हमी मिळावी. उत्तर अजून आलेलं नाही. अधिवेशन सुरू होण्याआधी पुन्हा लिहिणार आहे, आणि या वेळी चाळीतल्या जुन्या लोकांच्या सह्या घेऊन.