दोन तारा, एक सूर

मँडोलिन हातात घेतलं तेव्हा मला ४७वं वर्ष लागलं होतं. त्याची ओढ मात्र फार जुनी. मी कॉलेजात असताना, १९९५ साली, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आला. त्यातली मँडोलिनची सुरावट तेव्हापासून कानातून गेलेलीच नाही. पुढे पतसंस्थेतली नोकरी, मुलं, सासऱ्यांचं दुखणं, आणि शिकायचं राहूनच गेलं. धाकटा शिकायला पुण्याला गेला आणि संध्याकाळचे दोन तास अचानक माझे झाले.

पहिलं वाद्य एका दुकानातून मागवलं. दिसायला सुरेख, पण तार दाबली की बोटं कळवळायची. मँडोलिनला आठ तारा, त्याही जोडीजोडीने. एका बोटाखाली दोन पोलादी तारा एकदम दाबायच्या. आठवडाभरात डाव्या हाताच्या बोटांना फोड आले. कणीक मळताना मीठ झोंबायचं. रात्री बोटं गार पाण्यात बुडवून बसायची आणि मनात यायचं, आपल्याला उशीरच झाला.

मी सांगलीची. मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांपुढे ते वाद्य ठेवलं. सतारी-तंबोऱ्यांत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी तारांखाली एक जुनं नाणं सरकवून बघितलं आणि म्हणाले, “ताई, घोडी लई उंच हाय. तुमच्या बोटांचा काय बी दोष न्हाई.” मग तारा पेलणारी ती लाकडी घोडी काढून कानशीने घासायची, परत बसवायची, तारा चढवायच्या, दाबून बघायचं, पुन्हा घासायची. तासाभराने वाद्य माझ्या हातात दिलं. तार लोण्यासारखी दबली. मला तिथंच रडू आलं. महिनाभर मी माझ्या वयाला बोल लावत होते आणि चूक होती लाकडाच्या दोन-तीन मिलिमीटरची. चाळिशी-पन्नाशीत वाद्य घेऊन कुणी ते हताश होऊन कपाटावर टाकलं असेल, तर त्यांनी ते आधी एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवावं, असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

तारा लावण्यात मला इतकी गोडी लागेल असं वाटलं नव्हतं. चार जोड्या व्हायोलिनसारख्याच, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात. जोडीतली एक तार आधी लावून घ्यायची आणि दुसरी तिच्याजवळ आणत न्यायची. ती जवळ आली की आवाजात लाट उठते, वँव वँव वँव. चावी केसभर फिरवली की लाट संथ होते, लांबत जाते आणि एका क्षणी विरून जाते. दोन तारा एक होतात. हे ऐकताना माझा श्वास अजूनही थांबतो. कधी कधी पाऊण तास यातच जातो, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

मँडोलिनचा स्वर छेडल्या छेडल्या विझतो. तो धरून ठेवायचा तर नखी इतकी भरभर खाली-वर फिरवायची, की आघात ऐकूच येऊ नयेत. हा ट्रेमोलो. माझे सर ऑर्केस्ट्रात वाजवून पिकलेले. ते म्हणतात, “ताई, मनगट सोडा. चिमटीत हळद धरता ना, तेवढाच जोर.” तेवढाच जोर धरायला मला सात महिने लागले.

सर मला सज्जाद हुसेन ऐकवतात. ‘संगदिल’ चित्रपटाचं संगीत देणारे सज्जाद पडद्यांच्या या वाद्यावर मींड घेत राग वाजवायचे. यू. श्रीनिवास यांनी तर जोड्या काढून पाच एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत उभं केलं. २०१४ साली ते गेले, तेव्हा अवघे ४५ वर्षांचे होते. मी सुरुवात केली ती त्याहून मोठी झाल्यावर. हे कळल्यापासून मी रियाजाची संध्याकाळ चुकवलेली नाही.

सासूबाई ८२ वर्षांच्या. त्यांना ऐकू जवळपास येत नाही. परवा मी एकच सा धरून ट्रेमोलो करत होते. त्या शेजारी येऊन बसल्या आणि वाद्याच्या कडेला तळवा टेकवला. मी मनात मात्रा मोजत होते. सोळा झाल्या आणि थांबले.

त्यांनी हात तसाच ठेवला. “थांबलीस का गं?”