बरोबरीचे ताट

इल नदीकाठच्या स्ट्रासबर्ग या फ्रेंच सीमानगरीत २४ नोव्हेंबर १९६९ रोजी ‘ओ पेअर’विषयीचा युरोपीय करार झाला. ‘ओ पेअर’ म्हणजे बरोबरीच्या नात्याने. परक्या घरी राहून मुले सांभाळणारी, तेथील भाषा शिकणारी तरुणी दासी नव्हे. म्हणून दिवसाला ५ तासांची कामाची मर्यादा, आठवड्यातून एक पूर्ण सुटी आणि उपासनेची मोकळीक करारात नोंदली गेली. सर्व देशांनी मात्र तो स्वीकारलेला नाही. कामाच्या तासांचा हिशेब सुटला, की घरची लेक म्हणता म्हणता तिची मोलकरीण होते. सख्ख्या भावाशी व्यवहार असला तरी तो वहीत लिहिला जातो. परदेशी निघालेल्या लेकीचे करारपत्रही घरच्यांनी तितक्याच बारकाईने वाचावे.