पोहरादेवीच्या शाळेसाठी एक डिस्क

पुणे

प्रिय ताई,



शाळेतले जुने संगणक भंगारात द्यायचे का, असं तू विचारलंस. अजिबात देऊ नकोस. विंडोज 10 ची सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 व इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून ते आता जुने ठरले. यंत्रं मात्र धडधाकट आहेत. त्यांच्यासाठी मी डेबियन 13 या लिनक्सची डिस्क तयार केली आहे. सोबतच्या पेनड्राइव्हवर तीच आहे. फक्त प्रत्येक यंत्र 64 बिटचं आहे ना, ते बघ. 32 बिटच्या यंत्रांसाठी या आवृत्तीत इन्स्टॉलरच नाही.

डेबियन बसवताना भाषा, वेळ, पासवर्ड, डिस्कची विभागणी, प्रोग्राम असे प्रश्न येतात आणि प्रत्येक यंत्रापुढे बसून तीच उत्तरं द्यावी लागतात. ती आधीच एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवता येतात. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटमध्ये किकस्टार्ट.  

सिंपल-सीडीडी नावाच्या साधनाला हवे ते प्रोग्राम आणि उत्तरांची फाइल दिली, की ते त्यांची एकच डिस्क बांधून देतं. रामनवमीच्या यात्रेच्या गर्दीत नेटवर विसंबू नये, म्हणून लागणारं सगळं तिच्यातच घातलं आहे. भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न फाइल वाचली जाण्याआधीच येतात; त्यांची उत्तरं बूटच्या ओळीतच द्यावी लागली. पासवर्डही उघडा लिहिलेला नाही, त्याचा हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, आहे, कारण पेनड्राइव्ह दहा हातांत फिरणार.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. राज्य सरकारने 2009 मध्ये मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले, पण पुष्कळ फाँट हिंदी वळणच दाखवतात. म्हणून लोहित मराठी हा फाँट घेतला. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा 2008 साली मिळाली, तो टाइप करून पाहिला, ‘ऱ्या’ही पाहिला. इंग्रजीबरोबर इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. आपल्या बंजारा समाजाच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. तेलंगणातल्या तांड्यांवर ती तेलुगूत लिहितात, आपली मुलं देवनागरीत. त्यांना याच कळा पुरतील.

आता मुद्द्याचं. यंत्रातली जुनी डिस्क पुसून नव्यानं विभागायची का, याचंही उत्तर फाइलीत लिहिता येतं. मग कुणालाही न विचारता डिस्क कोरी होते. ते उत्तर मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर फाइलीत नसतं, तो इन्स्टॉलर माणसाला विचारतो. त्यामुळे बाकी सगळं आपोआप होईल, पण बदल डिस्कवर लिहायचे का, या प्रश्नापाशी यंत्र थांबेल. तिथे तू स्वतः ‘हो’ म्हणायचंस, दुसऱ्या कुणी नाही.

तुझ्या मुलांनी आपापल्या याडीकडून, म्हणजे आईकडून, ऐकलेल्या गोष्टी गोरबोलीत टाइप करून त्याच यंत्रांवर ठेवल्या आहेत. 5 ऑक्टोबर 2024 ला आपल्याकडे उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयात समाजाचा इतिहास मांडला आहे. मुलांच्या या गोष्टींची मात्र दुसरी प्रत कुठेच नाही. त्या गेल्या तर कुठलीही डिस्क त्या परत आणणार नाही.

तेव्हा आधी सगळ्या फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घे, त्या उघडतात का ते पाहा, आणि मगच पेनड्राइव्ह लाव. पहिलं यंत्र झालं की फोन कर.

तुझा भाऊ