गजावरची खूण

निवृत्त झालो तेव्हा कारखान्यातल्या मंडळींनी निरोपाच्या पाकिटात सातशे डॉलर घालून दिले. "स्वतःसाठी खर्च कर, घरासाठी नको," अशी वर सूचना. ते पैसे कशावर घालायचे या विचारात माझे दोन महिने गेले. नवं पिस्तूल घ्यावं, की काडतुसं घरी भरायची प्रेस? बेळगावात कुणी हा प्रश्न चारचौघांत विचारला, तर लोक आधी दार लावून घेतील. इथे ओहायोत क्लीव्हलँडच्या बाजूला तो नवा मिक्सर घ्यावा की जुना दुरुस्त करावा, इतक्या सहज विचारला जातो. या देशाच्या या सहजपणाची मला आजही पुरती सवय झालेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी मूळचा उद्यमबागेतला टर्नर. लेथवर हात बसला तो तिथे, आणि त्याच हातांच्या जोरावर १९९४ साली इकडे आलो. नेमबाजीचा नाद कारखान्यातल्या एका वयस्क सहकाऱ्याने लावला. दर शनिवारी क्लबात जायचं, पंचवीस यार्डांवरच्या कागदी चकतीवर पन्नास गोळ्या झाडायच्या, आणि चकती घडी करून खिशात घालून घरी यायचं. कागदाखेरीज मी आजवर कशावरही नेम धरलेला नाही. त्यासाठी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे, 'स्मिथ अँड वेसन'चं, मूळ १८९९ सालच्या घडणीचं 'मॉडेल टेन'. त्यात लागतं ते '.३८ स्पेशल' काडतूस. हत्यार कुलुपाच्या पेटीत असतं. किल्ली एक माझ्याकडे, एक सौ.कडे.

नव्या पिस्तुलाचा मोह का झाला, तेही सांगतो. चाळीस वर्षं हँडल फिरवून उजव्या अंगठ्याचा सांधा दुखरा झाला आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढताना तो कळ देतो. दुकानात एक नाइन एमएमचं पिस्तूल हातात घेतलं, तर ते हातात असं बसलं की खाली ठेववेना. किंमत सहाशेच्या आसपास.

प्रेसचं बीज मात्र २०२० साली पडलं होतं. करोनाच्या त्या वर्षी इथली माणसं जशी पिठावर आणि कागदावर तुटून पडली, तशीच बंदुकांवर आणि काडतुसांवरही. पन्नास काडतुसांची जी पेटी मी वीस डॉलरच्या आत घेत होतो, ती पन्नासला मिळेना. माझे शनिवार सुने गेले. माझा तो सहकारी मात्र गॅरेजात बसून स्वतःची काडतुसं भरत होता. वर्षभराने त्याचीही अडचण झाली. पितळेची पुंगळी झाडल्यावर हाती उरते, शिसं ओतता येतं, पण तळाशी बसणारी टोपी घरी करता येत नाही, आणि टोप्या तर सगळ्या देशातच मिळेनाशा झाल्या होत्या.

त्याच्या गॅरेजात ती प्रेस पहिल्यांदा पाहिली आणि मी हसलोच. ही तर आपल्या उद्यमबागेतली हॅण्डप्रेस! ओतीव लोखंडाचा इंग्रजी 'ओ'सारखा सांगाडा, खालून वर येणारा दांडा, बाजूला लांब हँडल. वर डाय बसवायची. पहिल्या डायमध्ये फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापावर येते आणि जळकी टोपी निघते. दुसरी तिचं तोंड जरासं उघडते. मग नवी टोपी, मग मोजून दारू, आणि शेवटी गोळी दाबून तोंड आवळायचं. एका पुंगळीला पाच वेळा हात लागतो. हँडल खाली येताना पितळ डायमध्ये शिरतं, त्याचा एक दाब तळहाताला कळतो. कमी-जास्त झालं तर डोळ्यांआधी हाताला समजतं. निवृत्तीनंतर माझ्या हातांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

इथल्या एका नामांकित प्रेसचा जन्मही टंचाईतलाच. दुसऱ्या महायुद्धात चांगल्या गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन या गृहस्थाने त्या दाबून करायच्या डाय बनवल्या आणि १९४३ साली धंदा सुरू केला. डोंगरातल्या 'रॉकचक' नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या, म्हणून कंपनीचं नावही त्या प्राण्यावरूनच, 'आरसीबीएस'. असं काही वाचलं की मला उद्यमबागेतली पत्र्याची शेड आठवते.

हिशेबही मांडला. प्रेस, डाय, काटा, व्हर्नियर आणि पुस्तक मिळून साडेचारशे डॉलर. विकतच्या पेटीमागे चौदा डॉलर वाचतात असं धरलं, तर बत्तीस पेट्यांनी पैसे वसूल. आठवड्याला एक पेटी म्हणजे साडेसात महिने. हिशेब चोख होता. पण भरणाऱ्या मंडळींचा अनुभव असा की स्वस्त पडतं म्हणून माणूस दुप्पट झाडतो आणि वाचत काहीच नाही. स्वतःपुरतं भरायला इथे परवाना लागत नाही. विकायचं म्हटलं तर लागतो.

सौ.ने दोन वाक्यांत निकाल दिला. "दुसरं पिस्तूल घरात नको. आणि यंत्र घेणार असाल तर गॅरेजात ठेवा, शिशाचे हात घेऊन नातवाजवळ येऊ नका." आईला फोनवर सांगितलं, "आई, दारू मोजायचं यंत्र घेतोय." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "एवढी वर्षं प्यायला नाहीस रे, आता म्हातारपणी मोजून कशाला?"

म्हणजे प्रेस ठरलीच होती म्हणा ना. पण ती घेण्याआधी सहकाऱ्याच्या गॅरेजात वीस काडतुसं माझ्या हाताने भरली. टोप्या बसवून झाल्या, दारू घालायला लागलो आणि मधेच बेळगावहून धाकट्या भावाचा फोन आला. जागेच्या वाटणीचं जुनंच प्रकरण. पाच-सात मिनिटं बोललो आणि पुन्हा कामाला लागलो.

शनिवारी बारावं काडतूस वाजलंच नाही. नुसतं 'फुस' झालं. मी चाप पुन्हा ओढणार, तेवढ्यात सहकाऱ्याने माझं मनगट धरलं. त्या पुंगळीत दारूच नव्हती; एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. मागून दुसरी गेली असती तर नळी फुटली असती. आम्ही पितळी सळईने ती ठोकून काढली. तो काही बोलला नाही. मीही नाही. चाळीस वर्षं मायक्रोमीटर वाचणारा माणूस मी, माझा एकही नग इन्स्पेक्शनमधून परत आला नाही असं सांगत फिरणारा.

एक पुंगळी रिकामी राहिली हे नशीबच. दोनदा भरलेली अधिक वाईट. '.३८ स्पेशल' १८९८ साली आलं ते काळ्या दारूच्या हिशेबाने, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची दारू लागते चिमूटभर. तिचं माप ग्रेनमध्ये, म्हणजे सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्म्यात. दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. पाहिलं नाही तर कळत नाही.

त्या रात्री झोप आली नाही आणि आजोबा आठवले. जांबोटीच्या पलीकडे रानाला लागून आमची भातशेती. पीक पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. आजोबांकडे ठासणीची परवान्याची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि डुकरांना बरोबर तेच दिवस सापडायचे, अशी आजोबांची तक्रार. नळीत दारू, वर काथ्या, छर्रे, पुन्हा काथ्या, आणि लोखंडी गजाने ठासणं. त्या गजावर दोन खुणा कोरलेल्या होत्या. बंदूक रिकामी असेल तर गज एका खुणेपर्यंत आत जातो, भरलेली असेल तर दुसऱ्या खुणेवर अडतो. बंदूक हातात घेतली की आजोबा आधी गज घालून पाहायचे, स्वतः भरून पाच मिनिटं झाली असली तरी. माझ्या चुलत्यांनी एका रात्री घाईत गज घातला नाही आणि भरलेलीच पुन्हा भरली. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. आम्हा पोरांना ती लहानपणी लढाईची खूण वाटायची.

सौ.ला सगळं सांगितलं. लपवून पिस्तूल घेणं सोपं होतं: विकतची काडतुसं, चूक झाली तर कारखान्याची. ती ऐकून घेऊन म्हणाली, "भरताना फोन माझ्याकडे द्यायचा. आणि मी बघितल्याशिवाय गोळी बसवायची नाही."

प्रेस आली. एका वेळी एकच काम करणारी, सगळ्यांत संथ अशी मुद्दाम घेतली. अंगठा हँडल ओढताना दुखत नाही, हे एक बरं. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करतो, दारू घालतो आणि हिला हाक मारतो. ही हात पुसत येते, बॅटरी घेते आणि एकेका पुंगळीत डोकावत मोजते. माहेर गोकाकचं, शाळा कन्नड. घरात सगळं बोलणं मराठीत, पण आकडे अजून कन्नडच. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

परवा सदतिसाव्याला थांबली. "मूवत्तेळु... अहो, ही बघा. जास्त वाटते."

मला बाकीच्यांसारखीच दिसली. तरी काढून काट्यावर घातली. वजन बरोबर होतं. बॅटरीची सावली पडली असावी, मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि पहिल्या भोकापाशी गेली. "ओंदु..."